चार दिवसांच्या डोंगरयात्रेसाठी हलकी प्रथमोपचार पिशवी कशी भरावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही तिघे बागलाणातल्या साल्हेर, मुल्हेर, मोरा आणि हरगड या गडांवर चार दिवस मुक्कामी जाणार आहात. सॅकचे ओझे शक्य तितके कमी ठेवायचे आहे. विकत घेतलेले तयार प्रथमोपचार किट मात्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर ८५० ग्रॅम भरले आणि त्यातून काय काढावे, काय ठेवावे हे उमगत नाही. शिवाय तिघांपैकी एकीला दम्याचा जुना त्रास आहे. मी नाशिकमध्ये डॉक्टर म्हणून काम करतो, स्वतः डोंगर हिंडतो आणि ट्रेकला जाणाऱ्या गटांना प्रथमोपचार शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिशवीत काय असावे हे ठरवण्याआधी वेळेचा हिशेब करावा. साल्हेरचा माथा १५६७ मीटरवर आहे. तिथे कुणाचा पाय मोडला तर त्याला पायथ्याच्या साल्हेरवाडीपर्यंत उतरवायला कित्येक तास लागतात, आणि तिथून ताहाराबाद, सटाण्यापर्यंतचा रस्ता उरतोच. नाशिकजवळच्या रामशेजवर किंवा अंजनेरीवर हाच काळ बराच कमी असतो. डॉक्टरच्या हाती रुग्ण पोहोचेपर्यंतचा हा जो मधला काळ आहे, तेवढ्याच काळाचे काम आपल्या पिशवीला करायचे असते. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या वस्तूमुळे त्या मधल्या काळात खरोखर काही फरक पडेल का? ती मला किंवा माझ्या सोबत्याला वापरता येते का? आणि तिचे काम सॅकमधल्या दुसऱ्या एखाद्या वस्तूने भागेल का? या तीन प्रश्नांतून उरलेले सामान तिघांसाठी साधारण ४०० ग्रॅममध्ये बसते, आणि ते ८५० ग्रॅमच्या तयार किटपेक्षा जास्त उपयोगी असते.

आधी काढून टाकायच्या वस्तू सांगतो, कारण वजन तिथेच दडलेले असते. कापसाचा गुंडाळा घरी ठेवावा. कापूस उघड्या जखमेवर ठेवला की त्याचे तंतू चिकटतात आणि नंतर स्वच्छता करणाऱ्याचे काम वाढते. डेटॉलची किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली घेऊ नये, कारण पाणी न मिसळता ओतलेले जंतुनाशक जंतूंबरोबर जखमेतल्या चांगल्या पेशीही मारते, आणि जखम धुण्यासाठी पिण्याचे स्वच्छ पाणी पुरेसे असते. वेदनाशामक फवाऱ्याचा डबा, बामची काचेची बाटली, काचेचा तापमापक, भाजल्यावर लावायच्या मलमाची मोठी ट्यूब, आणि तयार किटमध्ये हमखास सापडणारी बोथट प्लास्टिकची कात्री, हे सगळे निघाले की निम्मे वजन उतरते. अँटिबायोटिकच्या गोळ्याही 'असू द्याव्यात' म्हणून घेऊ नयेत. चार दिवसांच्या ट्रेकमध्ये स्वतःच्या मनाने सुरू करावे असे अँटिबायोटिक नाही.

आता पायांकडे येऊ. साप, विंचू, दरड यांची भीती सगळ्यांना असते, पण चार दिवसांचा ट्रेक अर्ध्यावर सोडायला लावणारी सर्वांत नेहमीची गोष्ट म्हणजे टाचेवरचा किंवा करंगळीवरचा फोड. फोड एकाएकी येत नाही. आधी त्या जागी बूट घासतो, मग ती जागा गरम लागू लागते, किंचित लालसर होते, आणि त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात कातडीखाली पाणी धरते. जागा गरम लागल्याबरोबर थांबायचे, बूट-मोजा काढायचा, पाय पुसून पूर्ण कोरडा करायचा आणि त्यावर चिकटपट्टी लावायची, एवढे केले तर फोड सहसा येतच नाही. गटातले लोक थांबतील, उशीर होईल, या संकोचापायी माणूस तसाच चालत राहतो आणि पुढचे तीन दिवस लंगडतो. म्हणून पहिल्या दिवशी निघाल्यावर तासाभराने सगळ्यांनीच थांबून पाय तपासावेत, म्हणजे कुणाला संकोच वाटत नाही.

चिकटपट्टी कोणती, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. मायक्रोपोर नावाने मिळणारी पांढरी कागदी पट्टी घामाने तासाभरात सुटते. पायासाठी झिंक ऑक्साइडचा कापडी प्लॅस्टर घ्यावा. मेडिकलच्या दुकानात जॉन्सनप्लास्ट, ल्युकोप्लास्ट म्हटले की दुकानदार तोच काढून देतो. अख्खे रीळ नेण्याची गरज नसते. जुन्या एटीएम कार्डाभोवती दीड-दोन मीटर पट्टी गुंडाळली की रिळाचे वजन आणि जागा वाचते. पट्टी लावताना तुकड्याची चारही टोके कात्रीने गोल कापावीत, कारण चौकोनी टोक मोज्याला अडकून आधी तिथूनच उचलले जाते. तळव्यावर आणि टाचेवर एकही सुरकुती न ठेवता पट्टी बोटाने दाबून बसवावी, आणि मोजा चढवताना तो तिच्यावरून ओढू नये, गुंडाळून वर सरकवावा. फोड आलाच, तो मोठा असला आणि त्याच्यावर भार देऊन चालणे अपरिहार्य असले, तर लायटरच्या ज्योतीत तापवून थंड केलेल्या सुईने त्याच्या खालच्या कडेला दोन बारीक छिद्रे पाडावीत आणि पाणी दाबून काढावे. वरची कातडी मात्र ओढून काढू नये, कारण तिच्याहून चांगले आवरण आपल्या पिशवीत नसते. त्यावर थोडे पोव्हिडोन आयोडीनचे मलम, गॉजचा छोटा तुकडा आणि वरून प्लॅस्टर लावावा. मधुमेह असलेल्याने मात्र फोड फोडू नये.

हाच प्लॅस्टर आणखी एका कामाला येतो. हिवाळ्याच्या तोंडाशी रानातून जाताना खाजकुयलीच्या शेंगांची कुसे अंगावर पडतात आणि माणूस वेड्यासारखा खाजवू लागतो. खाजवल्याने किंवा ओल्या रुमालाने चोळल्याने कुसे आणखी पसरतात. कोरड्या त्वचेवर प्लॅस्टरचा तुकडा हलके दाबून उचलावा, दर वेळी नवा तुकडा घ्यावा, आणि बरीचशी कुसे निघून गेल्यावर भरपूर पाण्याने धुवावे. करवंदीचे, बोरीचे, निवडुंगाचे काटे काढण्यासाठी टोकदार धातूचा चिमटा हवाच. तो दुकानात घेताना आपल्या हाताच्या पाठीवरचा एक केस धरून ओढून पाहावा. केस चिमट्यातून निसटत असेल तर काटाही निसटणार.

जखमेच्या बाबतीत सगळे शिक्षण दोन गोष्टींत येते: रक्त थांबवणे आणि धुणे. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, पाय सरकून गुडघा किंवा तळहात फाटला, तर हातमोजे चढवून गॉजची घडी जखमेवर ठेवावी आणि थेट दाब द्यावा. घड्याळ लावून दहा मिनिटे दाब द्यावा आणि त्या वेळात 'थांबले का' म्हणून उचलून पाहू नये, कारण प्रत्येक वेळी उचलले की तयार होत असलेली गुठळी निघते. गॉज भिजला तर त्याच्यावरच दुसरा ठेवावा. रक्त थांबल्यावर सुई नसलेल्या २० मिलिलिटरच्या सिरिंजने पिण्याच्या पाण्याचा जोरकस फवारा मारत जखमेतली माती, मुरूम धुऊन काढावा. तळहाताएवढ्या खरचटलेल्या भागालासुद्धा निदान अर्धा लिटर पाणी खर्च करावे. गडावर पाणी मोजके असते, तरी हा खर्च वायफळ नाही, कारण त्या क्षणी धुतलेली जखम पुढच्या चार दिवसांत पिकण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. हळद, तंबाखू, कॉफीची पूड यांपैकी काहीही जखमेत भरू नये. खोल जखम प्लॅस्टरने घट्ट मिटवून टाकण्याचा मोहही टाळावा, कारण आत घाण राहिली तर ती बंद खोलीत कोंडल्यासारखी वाढते. गॉज ठेवून बँडेज बांधावे आणि टाके घालायचे की नाही हे रुग्णालयावर सोडावे. धनुर्वाताची लस गेल्या पाच-दहा वर्षांत घेतलेली नसेल, तर ती दिवाळीच्या आधीच घ्यावी. ती पिशवीत वजन करत नाही.

दाब देऊनही थांबत नाही असा उसळता रक्तस्राव हाता-पायातून होत असेल, तर मात्र जखमेच्या वर, सांधा टाळून, चार-पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी बांधून तिच्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळावी लागते आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी लागते. हे तंत्र आधी शिकवणाऱ्याकडून शिकून घ्यावे. दोरी किंवा बुटाची नाडी यासाठी वापरू नये. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण हाच आवळपट्टा साप चावल्यावर बांधणे घातक असते, आणि लोकांच्या डोक्यात या दोन प्रसंगांची सरमिसळ झालेली असते.

मुरगळलेल्या घोट्यासाठी १० सेंटिमीटर रुंदीची दोन क्रेप बँडेजेस न्यावीत. एक अपुरे पडते, आणि दुसरे काठीला हात-पाय बांधायलाही लागते. घोटा मुरगळल्यावर हाडाच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर बोट दाबून पाहावे आणि चार पावले टाकायला सांगावे. तिथे दाबल्यावर हाडातच कळ येत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडले आहे असे धरून चालावे. चालता येत असेल आणि उतरायचेच असेल, तर बूट काढण्याची घाई करू नये, कारण सूज आली की तो पुन्हा चढत नाही. नाड्या सैल करून बुटावरूनच क्रेप आठच्या आकड्यात बांधता येते. बोटे थंड, निळसर किंवा बधिर झाली तर बँडेज सोडून सैल बांधावे.

मोडलेल्या हाडासाठी वाकवता येणारा फोम-अ‍ॅल्युमिनियमचा स्प्लिंट मिळतो, तो साधारण १२० ग्रॅमचा असतो आणि वस्तू उत्तम आहे. मोठ्या गटाने तो घ्यावा. तिघांच्या हलक्या ट्रेकसाठी मी तो घ्यायला सांगणार नाही, कारण तुमच्याकडे झोपण्याची फोमची कॅरीमॅट आहे, ट्रेकिंगच्या काठ्या आहेत आणि ओढणी किंवा उपरणे आहे. कॅरीमॅट पायाभोवती पन्हाळीसारखी वळवून वर-खाली बांधली की नडगी हलत नाही. हात मोडला तर ओढणीची झोळी करून तो छातीशी घ्यावा. त्रिकोणी बँडेज विकत घेण्याऐवजी मीटरभर बाजूचे सुती उपरणे घ्या, कारण ते उन्हात डोक्यालाही लागते. उंचावरून पडलेल्या माणसाची मान किंवा पाठ दुखत असेल, हात-पाय बधिर झाले असतील, तर मात्र पिशवीत काही शोधू नये. त्याला हलवू नये, ऊब द्यावी आणि मदत बोलवावी.

दिवाळीच्या सुमारास बागलाणात दुपारचे ऊन अजून तापते आणि रात्री माथ्यावर थंडी बोचते, म्हणून दोन्हींची सोय हवी. ओआरएसची एक लिटरची चार पाकिटे न्यावीत. एक पाकीट साधारण २१ ग्रॅमचे असते आणि पिशवीतले सर्वांत जड पण सर्वांत वसूल होणारे वजन हेच आहे. पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचे असते. अर्ध्या बाटलीत घातले तर द्रावण दाट होते आणि जुलाब वाढू शकतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असल्याचे लिहिले आहे का, हे पाहूनच घ्यावे. ओआरएस अशा नावाने गोड पेये सर्रास विकली जात होती, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तो शब्द अशा पेयांवर छापण्यास मनाई केली. पाकिटे संपली तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून काम भागते. उन्हाने माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. तिथे पॅरासिटामॉल चालत नाही. सावलीत निजवून, कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतून जोरात वारा घालणे हाच उपचार, आणि तो रुग्णालयाकडे निघण्यापूर्वीच सुरू करावा. नीट शुद्धीत नसेल तर तोंडाने पाणी पाजू नये. रात्रीच्या थंडीसाठी, किंवा जखमी माणूस जमिनीवर पडून गारठू नये म्हणून, चकचकीत पातळ आपत्कालीन चादर घ्यावी. तिचे वजन ५० ते ६० ग्रॅम असते.

औषधांबद्दल लिहिताना आधी एक अट. ही यादी निरोगी प्रौढांसाठी आहे. गर्भवती, मुले, मूत्रपिंडाचे, यकृताचे, पोटातल्या व्रणाचे रुग्ण यांनी आपल्या डॉक्टरांकडून ती तपासून घ्यावी. पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या, दोन मात्रांत सहा तासांचे अंतर आणि दिवसाला चारच्या वर नाही. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या जोडगोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा जाते, म्हणून जोडगोळ्या नेऊ नयेत. आयबुप्रोफेन ४०० च्या सहा गोळ्या, पण फक्त मुरगळणे-सुजणे यासाठी, पोटात अन्न असताना आणि माणूस नीट पाणी पीत असताना. घामाने शुष्क झालेल्या शरीरात ही गोळी मूत्रपिंडांना इजा करू शकते, आणि ट्रेकर लोक नेमकी ती दिवसभराच्या पायपिटीनंतर, तहानलेले असतानाच घेतात. सेट्रिझीन १० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या अ‍ॅलर्जीसाठी, झोप आणणाऱ्या आहेत हे लक्षात ठेवून. उलटीसाठी तोंडात विरघळणाऱ्या ऑनडॅन्सेट्रॉन ४ मिलिग्रॅमच्या चार. जुलाबासाठी लोपेरामाइडच्या चार, त्याही केवळ उतरताना किंवा गाडीत बसताना वेळ निभावून नेण्यासाठी. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर घेऊच नयेत. चाळिशीपुढचे कुणी सोबत असेल तर ॲस्पिरिन ३२५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या ठेवाव्यात. छातीत आवळल्यासारखे दुखून घाम फुटला, तर अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नसल्याची खात्री करून एक गोळी चावून खायला द्यावी आणि माणसाला एक पाऊलही चालू देऊ नये.

गोळ्यांच्या पट्टीची एक बारीक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. औषधाची मुदत आणि बॅच क्रमांक पट्टीच्या एकाच टोकाला ठसवलेले असतात. वजन वाचवण्यासाठी पट्टी कापताना आपण नेमके तेच टोक फेकून देतो, आणि वर्षभराने हातात चार निनावी गोळ्या उरतात. नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापावे. शिवाय प्लॅस्टरच्या तुकड्यावर पक्क्या शाईच्या पेनाने 'ताप-दुखणे, १ गोळी, ६ तासांनी, दिवसात ४' असे मराठीत लिहून ते पट्टीच्या पाठीवर चिकटवावे, कारण गोळी शोधण्याची वेळ येईल तेव्हा औषधांची नावे माहीत असलेला माणूसच कदाचित आजारी असेल. गोळ्या पट्टीतून सोडवून डबीत मोकळ्या भरू नयेत. दमटपणाने त्या फुगतात आणि ओळखू येत नाहीत. हे सगळे नाशिकच्या औषधबाजारात, गोळे कॉलनीत, एका फेरीत मिळते, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असली की काम सोपे जाते.

आपल्याकडच्या गडांवर सापाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार आग्या मोहोळाचा करावा. कातळकड्याखाली पोळी लटकलेली दिसली की आवाज, धूर आणि उग्र अत्तर टाळावे. माश्या उठल्या तर हात झटकत उभे राहू नये. तोंड-डोके झाकून, कड्याच्या काठाचे भान ठेवून, त्या जागेपासून दूर जावे. पिशवी उघडायची ती तिथून सुटल्यावर. नांग्या नखाने, कार्डाच्या कडेने, जमेल तशा, पण झटपट काढाव्यात, कारण त्या तुटून राहिल्यावरही काही वेळ विष सोडत राहतात. गार पाण्याची घडी आणि सेट्रिझीन एवढ्याने बहुतेकांचे भागते. मात्र सर्वांगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, श्वास घरघरणे, चक्कर येऊन कोसळणे यांपैकी काही दिसले तर ती तीव्र अ‍ॅलर्जी आहे आणि तिथे सेट्रिझीन जीव वाचवत नाही. तिचे औषध अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन, प्रौढाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ०.५ मिलिग्रॅम. तयार पेनच्या रूपात ते आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून ज्याला पूर्वी असा झटका आला आहे, त्याने डॉक्टरांकडून चिठ्ठी, कुपी, सिरिंज आणि भरण्या-टोचण्याचे प्रत्यक्ष शिक्षण घेतल्याशिवाय डोंगरात जाऊ नये. बाकीच्यांनी ते नेऊ नये.

सर्पदंशासाठी पिशवीत वेगळे काहीच लागत नाही, आणि हे समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. विष शोषणारे पंप, पाती, दोऱ्या यांतले काही उपयोगाचे नाही. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. ती शिरेतून द्यावी लागते आणि तिचीच तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ती रुग्णालयातच द्यायची. आपण करायचे ते एवढेच: माणसाला निजवावे, अंगठी, कडे, घड्याळ, बूट काढावेत, मोडलेल्या हाडाप्रमाणे तो अवयव कॅरीमॅट आणि क्रेपने सैलसर बांधून हलू देऊ नये, दंशाची वेळ लिहावी आणि त्याला चालवत न नेता उचलून न्यावे. आवळपट्टी नाही, कापणे नाही, चोखणे नाही, साप मारून सोबत आणणेही नाही. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो आणि जवळजवळ दुखत नाही. पहाटे पोट दुखणे, पापण्या मिटू लागणे, गिळायला त्रास होणे ही लक्षणे दिसली तर खूण सापडो न सापडो, निघावे. गुहेत किंवा देवळात उघड्यावर झोपण्याऐवजी तळ शिवलेला, चेन नीट बंद होणारा तंबू वापरणे हा यावरचा खरा उपाय आहे.

विंचवाच्या बाबतीत तांबड्या विंचवाला गांभीर्याने घ्यावे. दंशाच्या जागी नुसती आग होत असेल तर गार घडी आणि पॅरासिटामॉल पुरते. पण दरदरून घाम, उलट्या, हात-पाय गार पडणे, धडधड अशी लक्षणे आली तर विषाचा परिणाम हृदयावर होतो आहे असे समजून तातडीने रुग्णालय गाठावे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या रुग्णांवर केलेल्या कामातून प्राझोसिन या गोळीचा उपयोग सिद्ध झाला आणि ग्रामीण रुग्णालयांतही ती वापरली जाते. ती रक्तदाब एकदम खाली आणू शकते, त्यामुळे डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय पिशवीत ठेवू नये.

तुमच्या मैत्रिणीच्या दम्याबद्दल वेगळे लिहितो. तिने सध्या त्रास नसला तरी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे, रोजचा पंप लावलेला असेल तर चारही दिवस घ्यावा, आणि झटक्याच्या वेळी घ्यायचा साल्ब्युटामॉलचा पंप सामाईक पिशवीत न ठेवता स्वतःच्या खिशात ठेवावा. नवा पंप आणताना हलवून दोन फवारे हवेत सोडून पाहावेत. दुसरा पंप तुमच्यापैकी एकाच्या सॅकमध्ये असावा, कारण घसाऱ्यावर एक सॅक दरीत गेली तर औषधही तिच्याबरोबर जाते. शेकोटीचा धूर, गवताची कुसळे, पहाटेची गार हवा यांनी दमा उचल खातो, हे मुक्कामाची जागा निवडताना तिघांनी ध्यानात ठेवावे. झटका आल्यावर तिला बसवावे, झोपवू नये. पंपाचे चार फवारे, प्रत्येक फवाऱ्यानंतर चार-पाच श्वास, आणि चार मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा चार. तेवढ्यानेही आराम पडला नाही, किंवा एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, तर फवारे चालू ठेवून लगेच मदत बोलवावी.

आता हे भरायचे कसे. वर सांगितलेल्या वस्तूंखेरीज बँडएडच्या आठ पट्ट्या, निर्जंतुक गॉजची पाच-सहा पाकिटे, एक रोलर बँडेज, पोव्हिडोन आयोडीन मलमाची १० ग्रॅमची ट्यूब, नायट्राइलच्या हातमोज्यांचे दोन जोड, छोटी धारदार कात्री, चार सेफ्टी पिना आणि एक सॅनिटरी पॅड, जे वाहत्या जखमेवर दाब द्यायलाही उत्तम चालते. सगळे चेन असलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत विभागावे. एकीत पायाचे सामान, कारण ते दिवसातून अनेकदा लागते. दुसरीत जखमेचे, तिसरीत औषधे. या तिन्ही एका भडक रंगाच्या जलरोधक पिशवीत घालून ती सॅकच्या वरच्या टोपणात ठेवावी आणि कुणाच्या सॅकमध्ये आहे हे तिघांनाही ठाऊक असावे. माणूस पडल्यावर सॅक उपसत बसणे परवडत नाही. शिट्टी मात्र पिशवीत नको, सॅकच्या छातीपट्ट्याला हवी. मिनिटाला सहा वेळा वाजवणे ही मदतीची खूण आहे.

पिशवीत एक कागद असावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. त्यावर तिघांची नावे, रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधे आणि घरचे क्रमांक लिहावेत. मागच्या बाजूला १०८ आणि ११२, महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक, आणि ज्या वाडीतून चढणार आहात तिथल्या एका-दोघांचे क्रमांक. १०८ ची रुग्णवाहिका गाडीरस्त्यापर्यंतच येते, तिथपर्यंत माणूस आणणे आपल्याच हाती असते, आणि ते काम वाडीतली माणसे चादर-बांबूची डोली करून ज्या सफाईने करतात तशी आपल्याला जमत नाही. म्हणून चढण्यापूर्वी पोलीस पाटलांना किंवा जिथे जेवण सांगितले असेल त्या घरी आपला मार्ग आणि उतरण्याचा दिवस सांगून ठेवावा. गावच्या आशाताईंकडे ओआरएस आणि पॅरासिटामॉल सहसा असते, तेव्हा वाटेत साठा संपला तर तिथे विचारावे. सर्पदंशाची लस मार्गावरच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे, याची चौकशी आधीच फोनवर करून तेही त्याच कागदावर लिहावे.

निघण्याच्या आठवडाभर आधी तिघांनी एका संध्याकाळी एकत्र बसून ही पिशवी उघडावी, एकमेकांच्या घोट्याला क्रेप बांधावी, कॅरीमॅटने पाय बांधून पाहावा, सिरिंजने पाण्याचा फवारा मारून पाहावा. जी वस्तू तिघांपैकी एकालाही नीट वापरता आली नाही, ती तिथेच बाजूला काढावी किंवा शिकून घ्यावी. मग पिशवी पुन्हा काट्यावर ठेवावी. परत आल्यावर वापरलेले सामान त्याच आठवड्यात भरून टाकावे, आणि पिशवी गाडीच्या डिकीत ठेवून देऊ नये, कारण नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत गोळ्या खराब होतात आणि प्लॅस्टरचा चिकटपणा जातो. घरात, कोरड्या कपाटात ठेवावी, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर असे वर्षातून दोनदा मुदती तपासाव्यात.